मारिया क्लारा आत इबारा: रिसालची कादंबरी, आजची मुलगी आणि १०५ भाग. हे जमवलं कसं?

दुर्बीण

जीएमए नेटवर्कच्या 'मारिया क्लारा आत इबारा' या फिलिपिनो मालिकेबद्दल जाणकारांकडून माहिती हवी आहे. ३ ऑक्टोबर २०२२ ते २४ फेब्रुवारी २०२३, आठवड्याला पाच भाग, एकूण १०५. क्ले ही आजची नर्सिंगची विद्यार्थिनी होसे रिसालच्या 'नोली मे तांगेरे' या कादंबरीत शिरते आणि स्पॅनिश अमलाखालच्या फिलिपिन्समध्ये वावरू लागते, एवढं कथासूत्र ठाऊक आहे. प्रश्न असे:

१. कादंबरी आधी वाचणं गरजेचं आहे का? पूर्ण नाही जमलं तर कोणती प्रकरणं वाचावीत?
२. 'नोली' आणि तिचा पुढचा भाग 'एल फिलिबुस्तेरिस्मो' अशा दोन्ही कादंबऱ्या यात घेतल्या आहेत म्हणे. क्ले गोष्ट बदलू शकते की नाही? नियम नेमका काय?
३. रोजच्या मालिकेत एकोणिसावं शतक उभं करायचं तर कपडे, घरं, रात्रीचा उजेड यात काय सांभाळावं लागतं? पाहताना कशाकडे लक्ष द्यावं?
४. मालिका तिकडे प्रचंड गाजली, पण प्रेक्षकसंख्येचे आकडे जिथे तिथे वेगळे दिसतात. ते वाचायचे कसे?

तिसरी घंटा

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकातच आहे, म्हणून एकत्र लिहितो.

फिलिपिन्समध्ये 'कादंबरी वाचावी का' हा प्रश्नच उद्भवत नाही. १२ जून १९५६ रोजी राष्ट्राध्यक्ष रामोन मागसायसाय यांनी रिपब्लिक अ‍ॅक्ट १४२५ वर सही केली. त्याने शाळा-कॉलेजात रिसाल शिकवणं सक्तीचं झालं, लोक त्याला 'रिसाल कायदा' म्हणतात. शाळेत नववीला 'नोली', दहावीला 'फिली' (एल फिलिबुस्तेरिस्मो) आणि कॉलेजात पुन्हा रिसालचा स्वतंत्र विषय, शाखा कोणतीही असो. म्हणजे गरीब आई सिसा वेडी होणार, नायक इबाराचा साथी एलियास नाताळच्या आदल्या रात्री मरणार, इबाराची वाग्दत्त वधू मारिया क्लारा मठात जाणार, हे पहिला भाग लागण्याआधीच घराघरात माहीत. 'पुढे काय होणार' हे मालिकेचं सगळ्यात मोठं हत्यार लेखकांच्या हातात नव्हतंच.

मालिकेची कर्ती सुझेट डॉक्टोलेरो आणि दिग्दर्शक झिग दुलाय यांनी यातून जी वाट काढली, ती या मालिकेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट आहे. क्लेचं खरं नावही मारिया क्लारा, मारिया क्लारा इन्फान्टेस. तिला परदेशी जाऊन नर्स व्हायचंय, रिसालचा तास तिला ओझं वाटतो. जुनी प्रत हाती देणारे असतात ते तिचे प्राध्यापकच. नोलीत ती पोहोचते ती अर्धवट माहिती घेऊन. सगळं पाठ असलेली मुलगी असती तर ती भविष्यवेत्ती झाली असती आणि काहीच माहीत नसलेली असती तर नुसती पाहुणी. अर्धवट माहितीमुळे ती चुकतेही आणि हस्तक्षेपही करते. घरी बसलेला, शाळेत हे पुस्तक कंटाळत वाचलेला प्रेक्षक नेमका याच अवस्थेत असतो.

आता नियम. रिसालने घातलेल्या मोठ्या गाठी सुटत नाहीत. सिसाचा शेवट टळत नाही, एलियासचा टळत नाही. क्ले बदलू शकते ती दोन गाठींमधली जागा: मारिया क्लारा एकटी असताना तिच्याशी काय बोलणं होतं, कोण कुणाला प्रश्न विचारायला शिकतं, कोण कुणाच्या बाजूने उभं राहतं. अशी कथा लिहिताना पहिलं काम हेच असतं. मूळ कृतीतले न हलणारे प्रसंग आधी भिंतीवर लावायचे आणि नव्या पात्राला फक्त मधल्या फटींमध्ये सोडायचं. गाठ सोडवू दिली की कादंबरी कोसळते आणि फटींमध्येही काही करू दिलं नाही, तर ते पात्र सहलीला आल्यासारखं दिसतं.

फटी कुठे आहेत ते कळायला एक प्रसंग सांगतो. नोलीचं सोळावं प्रकरण. सिसाने दोन मुलांसाठी जेवण राखून ठेवलंय: सुके मासे, टोमॅटो, शिवाय तासियो म्हाताऱ्याने दिलेली रानडुकराची तंगडी आणि रानबदकाची मांडी. जुगारी नवरा येतो, सगळं खाऊन टाकतो आणि निघून जातो. उरतात तीन सुके मासे. ती पुन्हा भात लावते, मासे भाजते आणि हिशेब करते: दोघांना दीड-दीड. नवऱ्याविरुद्ध ती चकार शब्द काढत नाही, तिच्या लेखी तो देवच. रिसाल त्यावर फार बोलत नाही, पुढे सरकतो. मालिकेतल्या क्लेच्या घरी आईला मारणारा जोडीदार आहे. त्यामुळे सिसाच्या घरात क्ले उभी राहिली की रिसालने न बोललेलं मोठ्याने बोलणारं माणूस तिथे येतं. सिसाच्या भूमिकेतल्या आंद्रिया टोरेसचं जे कौतुक झालं, त्याच्या मुळाशी हीच मांडणी आहे असं माझं मत.

आता फिडेल. डेव्हिड लिकाउकोने केलेलं हे पात्र जवळजवळ पूर्णपणे मालिकेच्या लेखकांनी उभं केलेलं. कादंबरीने त्याच्यासाठी कुठलाही शेवट लिहून ठेवलेला नाही. म्हणजे सगळ्या मालिकेत ज्याचं पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं असा महत्त्वाचा माणूस हाच. प्रेक्षकाची उत्कंठा आपोआप त्याच्याकडे वळली. 'फिले', म्हणजे फिडेल अधिक क्ले, ही जोडी नुसत्या देखणेपणावर चालली असं म्हणणाऱ्यांच्या नजरेतून हे सुटतं.

प्रकरणांचा हिशेब: नोलीची ६३ आणि उपसंहार, फिलीची ३९. वरवर पाहता भागाला एक प्रकरण असं बसतं, पण वाटप तसं नाही. ऑक्टोबरपासूनचा मोठा पट्टा नोलीला गेला आणि फिली जानेवारीत आली. नोलीत मेजवानी, मासेमारीची सहल, जत्रा, चर्च अशी उघडी ठिकाणं खूप, नवखं माणूस कुठूनही आत शिरू शकतं. फिली तेरा वर्षांनंतरची. सगळी कारस्थानं, बंद खोल्या आणि स्पॅनिश भाषेच्या अकादमीवरचे वाद. तिथे क्लेला उभं राहायला जागा कमी, शिवाय आठवडेही कमी. सिसाचा मुलगा बासिलिओ, त्याची प्रेयसी हुली आणि विद्यार्थी इसागानी यांचे धागे त्यात चेपले गेले.

वाचायचंच असेल तर नोलीची १ ते ४, ७, १५ ते १७, २१, २३, ३२ ते ३४ ही प्रकरणं घ्या. चार्ल्स डर्बिशायरचा १९१२ चा इंग्रजी अनुवाद स्वामित्वहक्कातून मुक्त आहे, मोफत मिळतो. तिसऱ्या प्रकरणात तिनोलाचं जेवण आहे. कोंबडीच्या रश्शात पाद्रे दामासोच्या ताटलीत नुसती मान आणि चिवट पंख येतो, इबाराला मात्र चांगले तुकडे. तो क्षण मालिकेत दामासोच्या, म्हणजे तिर्सो क्रुझ तिसरा यांच्या चेहऱ्यावर बघा. चौतिसाव्या प्रकरणात त्या दोघांमध्ये उडणारा भडका तिथेच पेरलाय.

खणनारळ

फक्त कपड्यांबद्दल लिहिते, बाकी तिसरी घंटा यांनी छान सांगितलंय.

'मारिया क्लारा' हे आज त्या पोशाखाचंच नाव आहे, कादंबरीतल्या नायिकेवरून पडलेलं. त्याचे चार भाग. बारो, म्हणजे रुंद बाह्यांची वरची चोळी. साया, म्हणजे पायघोळ घेरदार घागरा. त्यावर कमरेभोवती गुंडाळायचा गडद रंगाचा तापिस. आणि खांद्यावरून घ्यायचा पान्युएलो. पान्युएलो हा चौकोनी रुमाल तिरका दुमडून त्रिकोण करतात. मानेमागे त्याची घडी उभी राहिली पाहिजे आणि पुढे छातीशी तो पिनेने अडकवतात.

सगळी मेख कापडात आहे. उत्तम बारो आणि पान्युएलो पिन्याचे, म्हणजे अननसाच्या पानातल्या धाग्याचे. पान खरवडून तंतू काढतात, एकेक तंतू हाताने गाठ मारून जोडतात आणि मग हातमागावर विणतात. हे काम आक्लान प्रांतातलं. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने ते अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यावरचं भरतकाम आणि धागे उपसून केलेली कालादोची जाळी यासाठी लागुना प्रांतातलं लुंबान प्रसिद्ध आहे.

कॅमेऱ्यापुढे पिन्या काय करतो? तो अर्धपारदर्शक असतो, पण त्याची चमक सौम्य असते. मागून उजेड आला की बाही धुक्यासारखी दिसते आणि आतल्या हाताची कड कळते. पॉलिएस्टर ऑर्गेन्झा लांबून तसाच दिसतो, पण एलईडी दिव्याखाली त्याला काचेसारखी झाक येते आणि घडीवर पांढरी रेघ उमटते. जवळच्या चौकटीत हा फरक लपत नाही. मधला मार्ग म्हणजे पिन्या-सेदा, अननस आणि रेशीम मिसळून विणलेलं कापड. स्वस्त पडतं, जास्त दिवस टिकतं, झाकही सौम्य.

रोजच्या मालिकेत घोटाळा होतो तो घामाने. फिलिपिन्सची दमट हवा, आत अंगवस्त्र, वर दिव्यांची धग. खळ घातलेला पान्युएलो तासाभरात मानेवर बसतो. सकाळी घेतलेल्या चौकटीत घडी उभी, दुपारच्या चौकटीत आडवी, आणि दोन्ही एकाच संवादात शेजारी शेजारी. उपाय एकच: एका पात्राला एकसारखे निदान दोन-तीन पान्युएलो, प्रत्येक चौकटीआधी मानेमागून फोटो आणि पिन नेमकी कितव्या फुलावर टोचली त्याची नोंद. यंत्रात धुणं विसरायचं. गार पाण्यात भिजवून सावलीत वाळवणं आणि पुन्हा खळ.

बाहीकडे बघायचं असेल तर: खांद्यावर ताठ उभी फुलपाखरासारखी बाही ही विसाव्या शतकातल्या तेर्नोची. १८८० च्या दशकात बाही खांद्यापासून खाली घंटेसारखी रुंद होत जाते. कुठल्याही फिलिपिनो पोशाखी मालिकेत काळ चुकलाय का हे ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

पुरुषांमध्ये इबाराकडे लक्ष द्या. कादंबरीत तो पहिल्यांदा येतो तोच काळ्या सुतकी युरोपीय कपड्यांत, वडील वारलेत म्हणून. गावातली माणसं बारोंगमध्ये, म्हणजे न खोचता बाहेर सोडायच्या फिलिपिनो सदऱ्यात. तो घरी परतूनही परका कसा, हे कपडेच सांगतात. 'बारोंग खोचू नये, म्हणजे चोरी लपवता येणार नाही, असा स्पॅनिश हुकूम होता' ही कथा तुम्हाला हमखास भेटेल. तसा हुकूम कुठल्याही कागदपत्रात सापडलेला नाही.

कौलारू

घरं आणि उजेड.

जुनं मनिला शूट करायला मनिलात जाता येत नाही. इंत्रामुरोस हे तटबंदीतलं शहर फेब्रुवारी-मार्च १९४५ च्या लढाईत जमीनदोस्त झालं. सान आगुस्तिन चर्च तेवढं धड उरलं. त्यामुळे असल्या निर्मितीला मोजक्या जागा उरतात: इलोकोस सुरमधलं विगान, बातांगासमधलं ताआल, किंवा बातानमधल्या बागाकचं लास कासास फिलिपिनास दे आकुसार, जिथे ठिकठिकाणची जुनी घरं सुटी करून आणून पुन्हा उभारली आहेत. उरलेलं सेट लावून भागवायचं. खऱ्या रस्त्यावर विजेच्या तारा आणि तीनचाकी ट्रायसिकलचा आवाज या दोन कायमच्या अडचणी. तारा संगणकावर पुसता येतात, आवाजासाठी मात्र संवाद पुन्हा रेकॉर्ड करावे लागतात आणि आठवड्याला पाच भाग द्यायचे असतील तर त्याला वेळ कुठला? म्हणून दिग्दर्शक कॅमेरा आतल्या खोलीत नेतो. पोशाखी मालिकांमध्ये एवढे प्रसंग दिवाणखान्यात का घडतात, त्याचं निम्मं कारण हे.

सुदैवाने दिवाणखाना देखणा असतो. 'बाहाय ना बातो' म्हणजे दगडी घर, पण दगड फक्त खालच्या मजल्याला, वर सगळं लाकूड. सरकत्या खिडक्यांना काचेऐवजी कापिस, म्हणजे चपट्या शिंपल्याचे छोटे चौकोन लाकडी जाळीत बसवलेले. दुपारचं ऊन त्यातून गाळून दुधाळ होऊन येतं. छायाचित्रकाराला आयताच पडदा मिळतो. खिडकीखाली वेंतानिया म्हणजे गजांची छोटी झडप असते, वारा खेळावा म्हणून. तिथून येणारा पट्टा जमिनीवर पडतो आणि बसलेल्या माणसाच्या पायांवर उजेड, चेहऱ्यावर सावली अशी चौकट फुकटात मिळते.

रात्र कठीण. मनिलात वीज येऊ लागली ती १८९० च्या दशकात, म्हणजे नोलीत तेलाचे दिवे आणि मेणबत्त्याच. नुसत्या ज्योतीवर दोन माणसांचा प्रसंग घेता येतो, मेजवानीचा नाही. मग ज्योतीच्या मागे, भांड्याच्या आड, छोटा एलईडी लपवतात, रंग २००० केल्विनच्या आसपास ठेवून. चूक होते ती इथे: ज्योत हलते आणि लपवलेला दिवा स्थिर राहतो. डोळ्याला नेमकं काय खटकतंय ते कळत नाही, पण खोटं वाटतं. त्या दिव्यालाही हलकी थरथर द्यावी लागते, आणि ती ठेक्यात नको, अनियमित हवी. खणनारळ यांनी सांगितलेली ती रुंद बाही ज्योतीजवळून फिरते तेव्हा पिन्या क्षणात पेटतो हेही विसरायचं नाही. खऱ्या ज्योती टेबलाच्या मध्ये आणि बाहीवाल्या बायका कडेला, अशी रचना दिसली तर कारण बहुधा सौंदर्याचं नसून सुरक्षेचं असतं.

एक मुद्दा खास चूक काढणाऱ्यांसाठी. मनिलाच्या दृश्यात लाल कौलांऐवजी पत्रा दिसला की लोक लगेच 'काळ चुकला' म्हणतात. जुलै १८८० च्या भूकंपात जड कौलारू छपरं कोसळून फार हानी झाली आणि त्यानंतर मनिलात पन्हाळी पत्रा झपाट्याने आला. नोलीच्या काळात पत्रा बरोबरच आहे.

आणि शिपायांचे गणवेश. स्पॅनिश वसाहती फौजेचं रायादिल्यो कापड बारीक निळ्या-पांढऱ्या रेघांचं. डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावरची ठिपक्यांची जाळी आणि कापडावरच्या रेघा जवळजवळ एका मापाच्या झाल्या की पडद्यावर इंद्रधनुषी लाटा वळवळतात. नंतर संकलनात त्या नीट निघत नाहीत. जागेवरच कॅमेरा दोन पावलं पुढेमागे करायचा, भिंग बदलायचं, किंवा शिपाई किंचित धूसर राहील असा फोकस ठेवायचा.

दुर्बीण

फारच उपयोगी. दोन उपप्रश्न. नावातला 'आत' म्हणजे काय? आणि इंग्रजी उपशीर्षकांवर अवलंबून राहिलं तर काय हुकतं?

अनुस्वार

'आत' हे तागालोग, म्हणजे मालिकेच्या मूळ भाषेतलं उभयान्वयी अव्यय, अर्थ 'आणि'. मारिया क्लारा आणि इबारा. मराठी वाचकाला मात्र ते 'आत' म्हणून दिसतं, आणि एक मुलगी पुस्तकाच्या आत जाते हे पाहता योगायोग मोठा गोड आहे.

हुकतं ते म्हणजे आदराचं सगळं व्याकरण. तागालोगमध्ये बरोबरीच्याला 'इकाव' किंवा 'का', मोठ्या माणसाला अनेकवचनी 'कायो', आणि त्याहून अदबीने बोलायचं तर तृतीयपुरुषी 'सिला'. शिवाय वाक्यात 'पो' आणि होकाराला 'ओपो'. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण अशी उतरंड असल्यामुळे मराठी कानाला हे लगेच उमगतं. इंग्रजीत सगळं एकाच सर्वनामात जातं. क्ले पाद्रेंसमोर 'पो' गाळते तेव्हा खोलीतली माणसं का दचकतात, हे उपशीर्षकात कधीच दिसणार नाही. कान उघडे ठेवा, 'पो' मोजा. कोण कुणाला ते लावतं आणि कधी लावायचं थांबतं, यावरून नाती वाचता येतात.

दुसरं म्हणजे क्लेची भाषा. ती आजच्या मनिलाची इंग्रजी-मिश्रित तागालोग बोलते, बाकीचे जुनी घडीव, स्पॅनिश शब्द पेरलेली. फिडेल तिला 'बिनिबिनिंग क्ले' म्हणतो. बिनिबिनी म्हणजे अविवाहित मुलगी, कुमारी. उपशीर्षकात ते 'मिस' होतं आणि संबोधनातला हळुवारपणा निघून जातो. क्ले झालेल्या बार्बी फोर्तेझाच्या कामातली खरी करामत या भाषांतराच्या पलीकडची आहे. ती सुरुवातीला दोन वाक्यं आजची बोलते, मग समोरच्याचा चेहरा पाहून तिसरं त्यांच्या वळणाचं करते. जसजसे भाग जातात तसं तिला हे वळण घेताना लागणारं अंतर कमी होत जातं.

चार शब्द मात्र पाठच करा. 'इंदिओ' म्हणजे स्थानिक माणूस, तुच्छतेने. 'पेनिन्सुलार' म्हणजे स्पेनमध्ये जन्मलेला स्पॅनिश, आणि वसाहतीत जन्मलेला तो 'इन्सुलार'. 'एरेहे' म्हणजे पाखंडी. 'पिलिबुस्तेरो' म्हणजे सरकार उलथवू पाहणारा. हे शेवटचे दोन शिक्के इबाराचे वडील डॉन राफाएल यांच्यावर बसले होते आणि नोलीच्या चौथ्या प्रकरणाचं नावच त्यावरून आहे. कुणी हे शब्द सहज उच्चारले असं दिसलं तरी त्या काळात त्याने माणूस आयुष्यातून उठायचा.

पाद्रे ओळखायला झगे बघा. दामासो आणि साल्वी दोघे फ्रान्सिस्कन, कमरेला तीन गाठींची दोरी. सिबिला डोमिनिकन, पांढरा झगा आणि काळा अंगरखा. पंथ वेगळे म्हणजे हितसंबंधही वेगळे. सगळे पाद्रे एका माळेचे मणी समजलात तर मेजवानीतले टोमणे कळणार नाहीत.

आकडेमोड

चौथा प्रश्न. आकडे वेगळे दिसतात कारण मोजणारे आणि मोजलं जाणारं, दोन्ही वेगळं.

आधी बाजार समजून घ्या. जीएमए आणि एबीएस-सीबीएन ही दोन मोठी टीव्ही घराणी वर्षानुवर्षं एकमेकांना भिडत होती. प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थांपैकी जीएमए 'एजीबी नील्सन'चे आकडे द्यायचं, एबीएस-सीबीएन 'कांतार मीडिया'चे. नमुना वेगळा, म्हणून एकाच रात्री दोघंही पहिले असायचे. मग मे २०२० मध्ये एबीएस-सीबीएनचा प्रसारण परवाना संपला आणि १० जुलै २०२० ला संसदीय समितीने नवा नाकारला. त्यांचे कार्यक्रम केबलवर, इंटरनेटवर आणि ए-टू-झी, टीव्ही५ अशा दुसऱ्यांच्या वाहिन्यांवर गेले. त्यामुळे २०२२ मधल्या जीएमएच्या आकड्याची तुलना २०१८ मधल्या कुठल्याही मालिकेशी करणं चूक. मैदानच बदललं होतं. तुलना करायचीच तर त्याच रात्री, त्याच संस्थेच्या, त्याच नमुन्याच्या आकड्यांची करा. आकडा कुटुंबांचा आहे की व्यक्तींचा आणि शहरी भागाचा आहे की संपूर्ण देशाचा, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. एबीएस-सीबीएन यूट्यूबवर एकाच क्षणी किती जण बघतायत तो आकडा जाहीर करतं. त्याची टक्केवारीशी सांगडच लागत नाही.

म्हणून या मालिकेचं यश टक्क्यांपेक्षा दुसऱ्या खुणांवरून मोजावं. शिक्षकांनी ती वर्गात चर्चेला घेतली. ज्या पुस्तकाला पोरं परीक्षेपुरतं ओळखत होती, त्यातल्या पात्रांवर रोज रात्री वाद झडू लागले. हुआंचो त्रिविन्योचा पाद्रे साल्वी इतका किळसवाणा वठला की त्याची चित्रं घेऊन लोकांनी असंख्य मीम केली. डेव्हिड लिकाउकोला 'पाम्बान्सांग गिनोओ', म्हणजे राष्ट्राचा सभ्य गृहस्थ, हे बिरुद इथूनच चिकटलं. एप्रिल २०२३ मध्ये मालिका फिलिपिन्सच्या नेटफ्लिक्सवर आली आणि रोज रात्री टीव्हीसमोर न बसणारा वर्ग तिला मिळाला.

टीकाही झाली आणि ती विचारात घेण्यासारखी आहे. फिले जोडीच्या लोकप्रियतेने नावातली जोडी, म्हणजे ज्युली अ‍ॅन सान होसेची मारिया क्लारा आणि डेनिस त्रिल्योचा इबारा, अधूनमधून मागे पडली. आणि फिली घाईत उरकली हा आक्षेप तर तिसरी घंटा यांनी वर मांडलाच आहे. तिथे मी थोडा वेगळा विचार करतो. फिलीचा सिमौन, म्हणजे वेष पालटून परतलेला इबारा, हा सूडाने पेटलेला माणूस. त्याला संथ गतीने पन्नास भाग दाखवलं असतं तर प्रेक्षक थकला असता. घाईमुळे डेनिस त्रिल्योच्या इबाराचा सिमौन होणं धक्क्यासारखं लागतं, आणि ते तसंच लागायला हवं.

तिसरी घंटा

सिमौनपुरतं मान्य. हुली आणि बासिलिओपुरतं नाही. फिलीत सिमौनचा कट कळायला आधी त्या दोघांची फरफट दिसावी लागते. बासिलिओ कटात सामील व्हायला नकार देतो आणि तुरुंगातून सुटल्यावर होकार देतो, मधल्या काळात हुली वारलेली असते. हा नकार आणि होकार यांत पुरेसे भाग गेले नाहीत, तर डाळिंबाच्या आकाराचा तो स्फोटक दिवा नुसता देखावा होतो. इसागानी दिवा उचलून नदीत का फेकतो, तेही मग प्रेमवीराचा आततायीपणा वाटतं.

दुर्बीण, या वाटेने पुढे पाहायचं असेल तर डॉक्टोलेरोचीच २०११ ची 'आमाया' घ्या. मारियान रिवेरा प्रमुख भूमिकेत, काळ स्पॅनिश येण्याआधीचा, विसाया बेटांवरचा. तिथे अडचण उलटी होती. नोलीच्या काळाची छायाचित्रं आहेत, कपडे संग्रहालयात आहेत. आमायाच्या काळाचं म्हणाल तर चित्रांच्या बाबतीत मुख्य आधार १५९० च्या सुमाराचा बॉक्सर कोडेक्स. त्यातल्या रंगीत चित्रांत अंगभर गोंदलेले विसाया पुरुष आणि सोन्याने मढलेले उमराव दिसतात. बाकी स्पॅनिश पाद्रींच्या नोंदी आणि लोककथा. नायिका 'बिनुकोत', म्हणजे उन्हापासून आणि लोकांच्या नजरेपासून दूर ठेवलेली, पाय जमिनीला लागू न दिलेली मुलगी. ही प्रथा खरी आणि तिचा जुळा भाऊबंद असलेला साप हा अद्भुताचा भाग. दोन्ही एकाच गांभीर्याने मांडल्यामुळे ते जमून जातं.

आणि २०२४ ची 'पुलांग आराव' बघितलीत तर तिथे बार्बी फोर्तेझा, डेव्हिड लिकाउको आणि डेनिस त्रिल्यो पुन्हा भेटतील. काळ जपानी अमलाचा, अद्भुत मात्र नाही. क्लेसारखी वाट दाखवणारी व्यक्ती नसल्यामुळे तिथे इतिहास समजावण्याचा भार संवादांवर येतो. दोन्हींचे पहिले तीन-तीन भाग लागोपाठ पाहिलेत तर क्ले किती काम करत होती ते दिसेल.

खणनारळ

आमायासाठी एक पुस्ती. तिथे पिन्या शोधू नका. अननस फिलिपिन्समध्ये आला तोच स्पॅनिशांबरोबर. त्या काळाला आबाकाचं, म्हणजे रानकेळीच्या जातीच्या झाडाचं कापड आणि सुती. कुणा स्त्रीच्या अंगावर पारदर्शक बाही दिसली तर ती चूक समजा.